लोटनच्या नावाचा रोट

कानबाईच्या रोटाचे, म्हणजे श्रावणातल्या तिच्या सणाच्या नैवेद्याचे, गहू मोजायला भागाबाई बसली की तिच्याशी कोणी बोलायचं नाही, असा घरात नियम होता. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. तो पाळण्यातला असो की कवळी लावून बसलेला, मूठ सारखीच. बायकांच्या नावाने मूठ निघत नाही. त्या दळतात, रांधतात, वाढतात आणि उरलं तर खातात. त्यांची वेगळी मोजणी करावी असं कानबाईला, ती स्वतः बाई असूनही, कधी वाटलेलं नाही.

शनिवारी सकाळी भागाबाई ओसरीवर बसली. समोर सुपात गहू, मांडीजवळ कोरं फडकं. तोतारामआबांची मूठ पडली. थोरल्या कौतिकची पडली, कौतिकच्या दोघा मुलांची पडली. आबांचा पुतण्या मोतीलाल सणासाठी धुळ्याहून आला होता, त्याची पडली. आता सूप खाली ठेवायचं, तर भागाबाईचा हात पुन्हा गव्हात गेला, भरून वर आला आणि फडक्यावर रिकामा झाला. वर पाव मूठही पडली.

थोरली सून बेबाबाई फडक्याची कड धरून बसली होती. नियम तिने मोडला.

"हाई मूठ कोनी व माय?"

"लोटननी," भागाबाई म्हणाली, आणि मग तिला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं.

धाकटा लोटन जाऊन चौदा महिने झाले होते. गेल्या श्रावणात त्याचं वर्ष सरलं नव्हतं म्हणून कानबाई बसली नव्हती. त्यामुळे एका मुठीने कमी मोजायची सवय हाताला लागायची राहून गेली होती.

मोतीलालने सुपारी कातरायला घेतली. कौतिक म्हणाला, एवढं काय त्यात, मूठभर गहू परत टाका कोठीत. त्यावर खांबाला टेकून बसलेली भिकुबाई बोलली. ही आबांची बहीण. भडगावला दिलेली, म्हणजे कुळ बदललेली, म्हणजे माहेरच्या रोटाचा घासही तिला वर्ज्य. दर वर्षी ती सणाला येई आणि वेगळ्या चुलीवरची खिचडी खाऊन परत जाई. रोटाचे सगळे नियम मात्र घरात तिच्याएवढे कोणाला पाठ नव्हते.

"कानबाईना नावे मोजेल गहू कोठीमा परत जातस का कोठे?"

जात नाहीत, हे सगळ्यांनाच माहीत होतं. रोट कुळातल्या माणसानेच खायचा, घरातच खायचा. परक्याच्या तोंडी कण जाता कामा नये. पौर्णिमेपर्यंत संपवायचा, तरी उरला तर टाकायचा नाही, पाण्याला द्यायचा. पण जो माणूसच नाही त्याच्या नावाचा रोट कोणी खायचा, हे भिकुबाईच्या नियमांतही नव्हतं. दुसऱ्याच्या वाट्याचं खाणं वाईट, आणि मेलेल्याच्या वाट्याचं खाणं तर कोणी मनातही आणू नये. शेवटी आबा म्हणाले, "दळी टाका. पुढे दखू."

पुढचं कोणी पाहिलं नाही.

*

त्या वेळी लोटनची बायको लता शेतातल्या पाण्याशी होती. ओसरीवर तिला कोणी बोलावलं नव्हतं, आणि ती येईल अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. कानबाईचं काम सवाष्णींचं.

त्या पाण्याला तीन नावं होती. विटांसाठी माती काढून झालेला तो खड्डा होता, म्हणून कौतिक त्याला खड्डा म्हणे. लोटन तलाव म्हणे. मत्स्य खात्याच्या कागदांत तो 'खाऱ्या पाण्यातील बोय माशाचे गोड्या पाण्यात संगोपन, प्रायोगिक' असा होता.

दीड-पावणेदोन वर्षांपूर्वी, मार्गशीर्षात, खात्याचा फिल्डमन असलेल्या लोटनने सुरतेजवळच्या खाडीतून बोटाच्या पेराएवढी पिल्लं आणली. रॉकेलच्या रिकाम्या डब्यांतून, अमळनेरपर्यंत रेल्वेने, पुढे बैलगाडीने, मध्ये तापी नावेने ओलांडून. गाडीत तो रात्रभर हाताने पाणी हलवत आला होता. ज्या घरात चातुर्मासात कांदा शिजत नाही, त्या घरात त्याने मासे आणले. ते खायचे नाहीत, फक्त जगवायचे आहेत, हे समजावून सांगितल्यावर घरच्यांना ते आणखीच संशयास्पद वाटलं.

विहिरीजवळच्या हौदात त्याने खाडीचंच पाणी भरलं होतं. रोज सकाळी त्यातलं थोडं काढायचं आणि तेवढंच विहिरीचं घालायचं. घाई केली तर पिल्लं फुगून मरतात. मोजायचं यंत्र खात्याकडे एकच होतं आणि ते साहेबांच्या कपाटात होतं. म्हणून लोटन पाणी जिभेवर घेऊन पाही आणि लताला चाखायला लावी. पहिल्या दिवशी लोणच्याचा खार. पाचव्या दिवशी बेबाअक्कांच्या हातची आमटी. नवव्या दिवशी आजाऱ्याची पेज. बाराव्या दिवशी लता म्हणाली, काहीच लागत नाही. "मग झालं," तो म्हणाला, "आता हे आपले."

सातशेंतली दोनशे जगली, ती तलावात सोडली. सहा महिन्यांनी विषमज्वराने लोटन गेला. पिल्लं राहिली.

आज ती वीतभर, काही त्याहून मोठी होती. लताने पाण्यात बोट घालून जिभेला लावलं. याची आता काही गरज नव्हती, पण सवय होती. आभाळ चार दिवस भरलेलं होतं, म्हणून तिने आज पेंड घातली नाही. अशा दिवसांत पाण्याचा जीव कमी होतो, लोटन सांगायचा, तेव्हा यांना उपास बरा.

कनवटीला रतिलालभाईंचं पोस्टकार्ड होतं. रतिलाल शहा हा लोटनचा खात्यातला सोबती. मंगळवारी तो जाळं घेऊन येणार होता. मासे मोजून, वजन करून अहवाल जायचा होता, आणि खाऱ्या पाण्यातला मासा खानदेशात जगला हे त्यातून सिद्ध झालं, तर तो ज्या बाईने जगवला तिला जळगावच्या मत्स्यबीज केंद्रावर घ्यावं अशी शिफारस त्याने करून ठेवली होती. साहेब अनुकूल होते. हंगामी जागा, राहायला एक खोली.

तसं झालं नाही तर बोदवडला भाऊ होता. त्याने लिहिलं होतं, तू केव्हाही ये. त्याच्या बायकोने खाली काही लिहिलं नव्हतं. नाहीतर हे घर होतंच. इथे तिला कोणी छळत नव्हतं. फक्त ती खोलीत शिरली की चाललेलं बोलणं थांबत असे. मूलबाळ नसलेल्या विधवेशी काय बोलावं हे कोणाला सुचत नसे, म्हणून तिला काम सांगत.

*

रविवारी कानबाई बसली. सोललेल्या नारळाला नथ, डोळे, कुंकू. चौरंगाला केळीचे खांब. बायका सकाळपासून पुरणाला लागल्या होत्या. लता मागच्या पडवीत डाळी निवडत होती आणि बेबाबाई मध्येमध्ये येऊन, तिच्याकडे न बघता, आणखी एक सूप ठेवून जात होती.

बेबाबाईच्या मनात तिच्याविषयी वाकडं नव्हतं. होतं ते असं, की लता नोकरीवर गेली तर गाव म्हणणार, थोरलीने टिकू दिलं नाही. आणि नाही गेली तर उद्या आबांच्या मागे हिस्सा निघणार. दोन्हींत बेबाबाईचाच तोटा होता, आणि आपण वाईट नाही हे कोणाला सांगावं तर ऐकायला लताशिवाय दुसरं कोणी रिकामं नव्हतं.

दुपारी पुरुष जेवायला बसले तेव्हा कौतिकने विषय काढला. सोमवारी विसर्जन झालं की मंगळवारी ते शहासाहेब येऊन जातील. बुधवारी मजूर लावून खड्डा बुजवावा म्हणतो. केळीची ओळ तिथून तोडून न्यावी लागते, ती सरळ होईल. मोतीलालने मान हलवली. आदल्या संध्याकाळी दोघांनी बांधावर फिरून हे ठरवलं होतं.

"आनि नोकरी नही भेटनी तर?" भिकुबाईने वेगळ्या पाटावरून विचारलं.

"तर बी मासा काय करनारेत, आत्या? आपन खातस का त्या?"

आबा जेवत राहिले. त्यांचे गुडघे गेली दोन वर्षं धरलेले होते. हात धुतल्यावर ते म्हणाले की तापी लांब पडते, पुराचं पाणी आहे, रस्ता चिखलाचा. "यंदा कानबाई आपला तळामा बोळावसूत."

कौतिकने बापाच्या गुडघ्यांकडे पाहिलं. म्हाताऱ्याने गुडघ्यांचं निमित्त केलं होतं, पण गुडघे मागच्या महिन्यात चोपड्याच्या बाजारापर्यंत जाऊन आले होते. ज्या पाण्यात कानबाई बोळवली ते पाणी बुजवता येत नाही. बापाने एका वाक्यात खड्ड्याचा तलाव करून टाकला होता, आणि तोही देवीच्या नावाने, म्हणजे भांडायची सोय नाही.

कौतिक वाईट माणूस नव्हता. त्याला एवढंच वाटे, की लोटन जिवंत असताना त्याच्या माशांचं कौतुक, मेल्यावर त्याच्या माशांचं कौतुक, आणि केळीचे घड खांद्यावर वाहणारा तो मात्र नुसता नावाचा कौतिक.

संध्याकाळी आबा मागच्या पडवीशी आले. सासऱ्याने तिथे यायचं नसतं, म्हणून ते बाहेर गाईपाशी थांबले आणि गाईकडे बघत बोलले. तळं आता कोणी बुजवत नाही, बाई. लताने निवडायचं सूप बाजूला ठेवलं. मग तिने हळूच विचारलं, हार, फुलं, निर्माल्य?

फक्त नारळ आणि त्याच्या बैठकीची वाळू, आबा म्हणाले. फुलं मी अडवीन.

"आबा, खायचं काही पाण्यात पडू देऊ नका. आभाळ भरलंय. सोसायचं नाही त्यांना."

"कन पडू देवाव नही," आबांनी गाईला शब्द दिला.

*

सोमवारी सकाळी सवाष्णी चौरंग डोक्यावर घेऊन फुगड्या घालत शेतात गेल्या. लता घरीच होती. आबा काठावर काठी घेऊन बसले आणि त्यांनी खरोखरच एक पाकळी पाण्यात पडू दिली नाही. मोतीलालच्या बायकोने झेंडूचा हार टाकायला हात उचलला, तर काठी आडवी आली.

दुपारी रोटाची पंगत झाली. शेवटी एक झाकलेलं ताट उरलं. पुरणपोळ्या, खीर, डांगराची भाजी. त्या ताटाच्या आजूबाजूने सगळे जपून वावरत होते. भागाबाईने ते उचललं, पदराखाली घेतलं आणि शेताची वाट धरली. आई एकटी निघालेली बघून कौतिक मागोमाग गेला.

काठावर बसून तिने पोळी कुस्करली आणि पाण्यावर टाकली. आधी काही झालं नाही. मग पाणी आतून हललं, आणि राखाडी पाठीचे, रुपेरी बाजूंचे मासे एकदम वर आले. दहा, वीस, मग मोजता येईनात. तोंडं उघडून, एकमेकांना ढकलून ते पुरण खाऊ लागले. भागाबाईने हात पाण्यात धरला तसे ते तिच्या बोटांशी आले.

कौतिकने दीड वर्षात ते पहिल्यांदा नीट पाहिले. या पाण्याला त्याने शिव्या दिल्या होत्या, मोजमाप घेतलं होतं, पण आत पाहिलं नव्हतं.

"हाऊ त्याना वाटा शे," भागाबाई म्हणाली. "त्याना मासासनी खादा. आते त्यानं पोट भरनं."

घरी येऊन कौतिकने आपल्या पानातल्या राहिलेल्या दोन पोळ्या पंच्यात गुंडाळल्या आणि कोणी विचारू नये म्हणून गोठ्याच्या मागून शेतात गेला. भावाला त्याच्या हयातीत त्याने हातातला घास काढून दिल्याचं त्याला आठवत नव्हतं.

त्याला बेबाबाईने पाहिलं. ती घटकाभराने खिरीचं पातेलं घेऊन गेली. लताला आपण चार सुपं डाळ जास्त निवडायला लावली, हे तिला सकाळपासून टोचत होतं. लताला तसं सांगणं अवघड, मासे सोपे होते. मोतीलाल गेला, त्याची बायको गेली. लोटनने तिला एकदा सुरतेहून बांगड्या आणून दिल्या होत्या. कौतिकची मुलं गेली ती टोपलीच घेऊन. प्रत्येक जण एकेकटा गेला आणि प्रत्येकाला वाटलं, हे आपल्यालाच सुचलं.

सर्वांत शेवटी आबा गेले. खरं तर सकाळभर ते तिथेच होते. दुपारी पंगतीसाठी उठले ते गुडघे धरल्यामुळे घरीच पडून राहिले, आणि संध्याकाळी परत आले तेव्हा मासे अजून काठाशी घोटाळत होते. धोतराच्या सोग्यात त्यांनी अर्धी पोळी आणली होती. लताला दिलेला शब्द ते विसरले नव्हते. खायचं काही पाण्यात पडू द्यायचं नव्हतं. पण रोट म्हणजे खायचं काही, असं त्यांच्या मनात आलंच नाही. रोट म्हणजे रोट. त्यांनी अर्धी पोळी मुलाच्या नावाने सोडली आणि हात जोडले.

लता पडवीत भांडी घासत होती. दर वर्षी रोट उरे आणि पौर्णिमेपर्यंत शिळा खावा लागे. यंदा पातेली एकामागून एक निपटून आली. तिला वाटलं, बरं झालं, सगळे पोटभर जेवले. बेबाबाईने येऊन तिच्या शेजारी बसून दोन तवे घासले. ही गोष्टही लग्न झाल्यापासून प्रथमच घडत होती. "जळगावले गयीस तर चिठ्ठी टाकजो," ती म्हणाली. लताला एवढं चांगलं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

*

मंगळवारी उजाडायच्या आधी लता शेतात गेली, ती जाळं टाकायची जागा झाडून ठेवायला.

पाण्याला आंबूस वास होता. वर सगळीकडे तोंडं होती. लहान, गोल, उघडमीट करणारी तोंडं, हवा पिणारी. काठाकडे पांढरी पोटं. ती लुगड्यानिशी आत उतरली आणि दोन्ही हातांनी पाणी बडवू लागली. पाय बुडाशी कशात तरी रुतले. तिने मूठभर वर काढलं. पुरण होतं, पोळीचे लगदे होते, फुगलेले तांदूळ होते.

तिच्या हाकेने कौतिक धावत आला. काय झालं ते न विचारता त्याने इंजिन सुरू केलं, विहिरीचं पाणी पाटाने सोडलं आणि स्वतः आत उतरून केळीच्या पानाने पाणी झोडपू लागला. खड्डा बुजवायला निघालेला माणूस सूर्य वर येईपर्यंत त्यात छातीएवढ्या पाण्यात उभा होता. शेवटची चार-पाच तोंडं त्याच्याच पुढ्यात मिटली.

घर काठावर जमलं. पाण्याचा जीव रोटाने ओढून घेतला, लता म्हणाली. नासलेलं अन्न पाण्यातली हवा खातं. ढगाळ दिवसांत ती आधीच कमी. तिने हे पाढा म्हणावा तसं सांगितलं. कोणी घातलं, असं विचारलं नाही.

"मी दिधं," भागाबाई म्हणाली. "मन्या हातखाल दिधं."

"तुनं एक ताट, माय. त्यानी काय व्हस?" कौतिक पाण्यातूनच म्हणाला. "मी बी दिधं."

मग बेबाबाईने सांगितलं, मोतीलालने सांगितलं. मुलांनी टोपलीचं सांगितलं नाही, पण टोपली तिथेच पडली होती. आबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. अर्धी, ते म्हणाले. कोणाला कळलं नाही. अर्धी पोळी, त्यांनी पुन्हा सांगितलं, आणि सुनेसमोर त्यांची मान खाली गेली. साऱ्या घरात निर्दोष अशी एकटी भिकुबाई निघाली, आणि तीही कुळाबाहेरची म्हणून.

बातमी गावात गेली होती. चिंधा भोई टोपली घेऊन आला. रात्रीचेच मेलेले आहेत, ताजे आहेत, माती करण्यापेक्षा आमच्या घरी चार दिवस कालवण होईल, असं त्याने नम्रपणे सांगितलं. भागाबाई आडवी आली. यांच्या पोटात रोट आहे. रोट परक्याकडे जात नाही.

चिंधाने भिकुबाईकडे पाहिलं. भिकुबाईने नाइलाजाने मान हलवली. नियम तसाच होता. तेव्हा कौतिकने केळीच्या ओळीत खड्डा खणायला घेतला.

*

रतिलाल दहाच्या मोटारीने आला. खांद्यावर जाळं, हातात काचेची मोठी बरणी. काठावर पसरलेल्या माशांची रांग पाहून त्याने जाळं खाली ठेवलं आणि टोपी काढली. लोटन गेला तेव्हा त्याला यायला जमलं नव्हतं.

त्याने वही काढली नाही. आधी एक मासा हातात घेऊन खवल्यांवरून अंगठा फिरवला. "केवढा केलास गं, लताबेन," तो म्हणाला. "खाडीत पण या वयाला एवढा होत नाही."

मग जे होतं ते त्याने सांगितलं. जिवंत दाखवले असते तर गोष्ट सोपी होती. आता साहेब म्हणतील, गोड्या पाण्याने मेले. अन्नाने मेले हे कागदावर लिहून कोण मानणार? पण एक मासा बरणीत घालून टेबलावर ठेवला, लांबी दाखवली, खवल्यावरून वय दाखवलं, तर दीड वर्ष जगला हे नाकारता येणार नाही. वचन देत नाही, पण एवढ्यावर मी भांडू शकतो. लताबेनला बरोबरच घेऊन जातो, साहेब उद्या दौऱ्यावर निघायच्या आत.

"मासा जावाव नही," भागाबाई म्हणाली.

बेबाबाई पुढे आली. लग्नानंतर सोळा वर्षांत ती सासूला उलट बोलली नव्हती. तिने विचारलं की एका माशाने कुळ बुडतं का. कौतिक फावडं टाकून आला आणि बायकोच्या बाजूला उभा राहिला. मोतीलाल म्हणाला, काकू, मासा तो, त्याला कुळ कसलं? भिकुबाई नियम सांगायला गेली आणि मध्येच थांबली. इतकी वर्षं वेगळ्या चुलीची खिचडी खाल्लेल्या बाईला, कुळाबाहेर गेल्यावर माणसाचं काय होतं, हे या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. आबांनी बायकोकडे पाहिलं. आपल्या शब्दाला आज किंमत नाही, हे कळून ते काठी टेकत मागे सरले.

भागाबाई कोणाचं ऐकत नव्हती. ती माशांच्या रांगेपाशी बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. लोटन गेला तेव्हा त्याचे कपडे भिकाऱ्याला गेले, सायकल मोतीलालने नेली, पुस्तकं खात्याने परत मागितली. ही पोर, लता, तेवढी उरली होती. तीही गेली की घरात त्याचं नाव घ्यायला निमित्त राहणार नव्हतं.

"राहू द्या, रतिलालभाई," लता म्हणाली. "त्यांना नको असेल तर राहू द्या."

तिचं लुगडं कमरेपर्यंत ओलं होतं आणि ती ते पिळायचं विसरली होती. भागाबाईने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तिने रतिलालला विचारलं की बरणीत घालायचा म्हणजे नेमकं काय करायचं.

रतिलालने सांगितलं. पोटाला चीर द्यायची, म्हणजे औषध आत जातं, मासा सडत नाही.

"पोटमा जे शे ते?"

"ते राहतं आत. नाहीतर काढता येतं."

"काढी दे," भागाबाई म्हणाली. "तेवढं आमनं शे. बाकी लई जाय."

त्याने सर्वांत मोठा मासा निवडला, केळीच्या पानावर ठेवला आणि खिशातल्या चाकूने चीर दिली. बायकांनी तोंडं फिरवली. भागाबाईने फिरवली नाही. जन्मात तिने माशाला हात लावला नव्हता. तिने ओंजळ पुढे केली. रतिलालने बोटाने आतून पिवळसर लगदा काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. तो कोणाच्या पोळीचा होता, भागाबाईच्या ताटातला, कौतिकच्या पंच्यातला की आबांच्या अर्धीतला, हे सांगता आलं नसतं. तिने कोणाला विचारलं नाही. तिने उजवी मूठ मिटून घेतली.

लताचं सामान बेबाबाईने भरलं. एक ट्रंक, एक वळकटी. बरणी लताने स्वतः घेतली.

मोटार फाट्यावर येऊन थांबली तेव्हा सगळे रस्त्यापर्यंत आले होते. लता आबांच्या पाया पडली, भिकुबाईच्या पडली, मग भागाबाईपुढे वाकली. आशीर्वादाला डावा हात चालत नाही, आणि उजवा उघडता येत नव्हता. बोटांच्या फटींतून पाणी गळत होतं. ड्रायव्हरने भोंगा दिला. भागाबाईने मिटलेली मूठ तशीच सुनेच्या डोक्यावर टेकवली, आणि ड्रायव्हरने दुसऱ्यांदा भोंगा दिला तरी उचलली नाही.